मॅन्शन आणि राहते घर

बेळगावाहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघाले आणि हिंडलगा, सुळगा ही गावे मागे टाकली की उचगावचा फाटा लागतो. मळेकरणी देवीमुळे हे गाव पंचक्रोशीबाहेरही ठाऊक आहे. देवीच्या आमराईत नवस फेडण्यास येणारांची वर्दळ आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहो. मध्यंतरी एका कामानिमित्त आम्हांस त्या बाजूस जाणे झाले, तेव्हा एका नव्या घराच्या फाटकावरील संगमरवरी पाटीने आमचे लक्ष वेधून घेतले. पाटीवर आधी घराण्याचे नाव व त्यापुढे 'मॅन्शन' असा शब्द होता. फाटकास कुलूप होते. शेजारीच त्याच घराण्याचे जुने घर उभे, खरे म्हणजे अर्धे पडलेले होते. सोप्याच्या तुळया खाली आल्या होत्या आणि देवडीत कोणाच्या तरी म्हशी बांधल्या होत्या. तेथे बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस ओळखून विचारले, "वकीलसाहेब, आम्ही ह्याला वाडा म्हणत आलो. त्याला मेन्शन म्हणतात. मेन्शन म्हंजे वाड्याहून मोठं काय ओ?"

आम्ही घाईत होतो. "होय, तसेच काहीसे," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. परंतु आपण दिलेले उत्तर बरोबर नाही अशी शंका मनास लागून राहिली, आणि घरी येऊन कोश उघडल्यावर ते उत्तर साफ चुकीचे होते अशी आमची खात्री झाली. त्या गृहस्थांचे देणे फेडण्यासाठी हा लेख आहे.

'मॅन्शन' हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये तो लॅटिनमधून उतरला. लॅटिन भाषेत 'मानेरे' हा धातू आहे. त्याचा अर्थ राहणे, थांबणे, टिकणे. इंग्रजीतील 'रिमेन' आणि 'पर्मनंट' हे शब्द त्याच धातूचे. त्यावरून झालेले नाम 'मान्सिओ'. ह्या नामाचा मूळ अर्थ केवळ 'थांबणे' किंवा 'मुक्काम' एवढाच आहे. त्यात भिंत नाही, छप्पर नाही, दिंडी-दरवाजा तर नाहीच नाही. रोमन साम्राज्यात राजरस्ते बांधले गेले तेव्हा सरकारी कामाने जाणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी दर दिवसाच्या प्रवासाच्या अंतरावर रात्रीच्या वस्तीचे ठाणे असे. त्या ठाण्यास 'मान्सिओ' म्हणत. केवळ घोडे बदलण्याची ठाणी निराळी असत आणि त्यांचे नावही निराळे होते. इ. स. ३३३ मध्ये फ्रान्सातील बोर्दो येथून एक यात्रेकरू जेरुसलेमास गेला. त्याची यादी आजही उपलब्ध आहे, व तीत गावामागून गाव, अंतर आणि प्रत्येक ठिकाणी मान्सिओ आहे की नुसती घोडेबदल, एवढीच माहिती बव्हंशी आहे. आपल्याकडील कोणाही काशीयात्रेकरूने लिहिलेल्या मुक्कामांच्या टिपणासारखीच ही यादी वाटते. सारांश, मॅन्शन म्हणजे मुळात धर्मशाळा किंवा डाकबंगला. ज्यास रात्र काढून पहाटे निघावयाचे आहे त्याची ती जागा.

ह्यात आम्हां मराठी वाचकांस नवल वाटण्याचे कारण नाही, कारण आपल्या भाषेत अगदी हाच प्रवास दुसऱ्या एका शब्दाने केलेला आहे. अरबीत 'नझल' ह्या धातूचा अर्थ उतरणे असा आहे. प्रवासी उंटावरून उतरतो ती जागा 'मंजिल'. ह्या मंजिलचे मराठीत दोन शब्द झाले. एक 'मजल', म्हणजे एका दिवसाची वाटचाल. आपल्या बखरींतील फौजा 'मजल दरमजल' करीत जातात त्या ह्याच. दुसरा 'मजला', म्हणजे घराचा एक थर. मुंबईच्या मुसलमान वस्तीत इमारतींची नावे 'मंजिल' अशी असतात आणि पारशी वस्तीत 'मॅन्शन' अशी असतात. ह्या दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, पण दोघांचे मूळ अर्थ मात्र जुळे भाऊ शोभावेत इतके सारखे आहेत. (आमच्या व्यवसायातील वाचकांस हेही सांगावयास हरकत नाही की महसुली दप्तरातील 'नझूल' जमीन ह्याच अरबी धातूची. जी जमीन वारसाअभावी सरकारकडे उतरली ती नझूल. मुक्काम संपला की जागेचे काय होते ते ह्या एका शब्दात आले.)

अरबांच्या ज्योतिषात चंद्राच्या अठ्ठावीस मंजिली आहेत. ते ज्योतिष युरोपात गेले तेव्हा मंजिल ह्या शब्दासाठी तेथील पंडितांनी 'मान्सिओ' हाच शब्द योजला. चौदाव्या शतकातील इंग्रज कवी चॉसर ह्याने चंद्राच्या अठ्ठावीस मॅन्शनांचा उल्लेख केलेला आहे. पुढे इंग्रज विद्वान आपले ग्रंथ वाचू लागले तेव्हा त्यांनी आपल्या नक्षत्रांसही तेच नाव दिले. म्हणजे अश्विनी, भरणी, कृत्तिका ही इंग्रजीत चंद्राची मॅन्शने होत. आपल्या पुराणांत दक्षाच्या सत्तावीस कन्या चंद्राच्या पत्नी आहेत, आणि त्याने प्रत्येकीच्या घरी एक एक रात्र राहावे असा संकेत आहे. चंद्राने रोहिणीच्या घरचा मुक्काम वाढविला, इतरांकडे जाणे सोडले, आणि त्यामुळे त्यास दक्षाचा शाप मिळून क्षय लागला, ही कथा देवळातील पुराणिकांच्या मुखातून आपण सर्वांनी ऐकली आहे. मॅन्शन ह्या शब्दाचा मूळ धर्म ह्या कथेइतका स्पष्ट दुसरीकडे कोठे आढळेल असे आम्हांस वाटत नाही. तेथे राहावयाचे असते, पण एक रात्र.

ख्रिस्ती शास्त्रातही हा शब्द एका प्रसिद्ध वचनात आला आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात पित्याच्या घरी राहण्याच्या पुष्कळ जागा असल्याचे सांगितले आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ राहण्याची जागा एवढाच. लॅटिन भाषांतरात तेथे 'मान्सिओ' आला आणि सोळाव्या शतकात टिंडलने इंग्रजी भाषांतरात 'मॅन्शन' घातला. त्या काळी ते भाषांतर बिनचूक होते. पुढे शब्दाचा अर्थ चढला, आणि श्रद्धाळू इंग्रजास स्वर्गात मोठमोठे प्रासाद दिसू लागले. एका घरात अनेक प्रासाद कसे मावतील, हा प्रश्न कोणी विचारला असेल तर त्याचे समाधान कसे केले जात असेल, देव जाणे.

अर्थ चढला तो असा. 'मानेरे' धातूवरूनच फ्रेंचमधून 'मॅनर' हा शब्द आला. मॅनर म्हणजे जमीनदाराचे ठाणे व त्याभोवतालची जमीन. त्या जमिनीतील मुख्य घर ते मॅनरचे मॅन्शन. गावात राहती घरे अनेक असली तरी नाव घेण्याजोगे राहते घर एकच, जमीनदाराचे; तेव्हा सोळाव्या शतकाच्या सुमारास मॅन्शन म्हणजे मोठ्या माणसाचे घर आणि त्यावरून मोठे घर, असा अर्थ रूढ झाला. इकडे त्याच लॅटिन शब्दाचे फ्रेंच अपत्य 'मेझों' हे मात्र साध्या घराचेच नाव राहिले. स्कॉटलंडात 'मॅन्स' हे पाद्र्याच्या घरास उरले. एकाच आईची तीन मुले, त्यांपैकी एकाचे भाग्य फळफळले. लंडनमध्ये लॉर्ड मेयरसाठी अठराव्या शतकाच्या मध्यास जो प्रासाद उभा राहिला त्याचे नाव 'मॅन्शन हाउस' असेच आहे, आणि आपल्याकडे इंग्रजी शाळांतून जो अर्थ शिकविला गेला तो हा.

तथापि इंग्रजी कायद्याने हा थाट कधी मनावर घेतला नाही, आणि येथे आम्हांस थोडे थांबणे भाग आहे. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात घरफोडी हा देहान्त शिक्षेचा गुन्हा होता. त्याची व्याख्या सतराव्या शतकात सर एडवर्ड कोक ह्याने अशी केली की रात्रीच्या वेळी, गुन्ह्याच्या हेतूने, दुसऱ्याचे 'मॅन्शन हाउस' फोडून आत शिरणे. आता घरफोडी केवळ श्रीमंतांच्याच घरी होते असे नाही. मग मॅन्शन कशास म्हणावे? अठराव्या शतकात ब्लॅकस्टोनने ह्याचा जो खुलासा केला तो वाचण्यासारखा आहे. त्याच्या मते माणूस जेथे राहतो ते मॅन्शन, मग ते केवढेही असो. महाविद्यालयातील किंवा वकिलांच्या वसतिगृहातील एक खोलीसुद्धा, तीवर राहणाऱ्याचा स्वतंत्र हक्क असेल तर, त्याचे मॅन्शन होय. उलट जत्रेत उभारलेला तंबू किंवा पाल मॅन्शन नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की घरधनी बाहेरगावी गेला आणि घर रिकामे राहिले, तरी परत येण्याचा त्याचा मनोदय असेल तर ते घर त्याचे मॅन्शन राहतेच. ह्या मनोदयास कायद्याच्या लॅटिनमध्ये 'आनिमो रिव्हर्टेंडी' म्हणतात. कायद्याने कुलपाकडे पाहिले नाही, खोल्या मोजल्या नाहीत. परतण्याचा हेतू आहे काय, एवढे विचारले.

इंग्रज संसदेने मोजमाप केले ते पुढे, आणि तेही निराळ्या कारणासाठी. वडिलोपार्जित जमीन-जुमला केवळ हयातीपुरता उपभोगणाऱ्या वारसाने घराण्याचे मुख्य मॅन्शन परस्पर विकू नये म्हणून १८८२ च्या कायद्यात तरतूद झाली. १८९० मध्ये तीत दुरुस्ती होऊन असे ठरले की घर, बाग व उपवन मिळून पंचवीस एकरांहून अधिक जागा नसेल तर ते मुख्य मॅन्शन समजू नये. पंचवीस एकर म्हणजे हजार गुंठे. आमच्या पट्टीत भावाभावांत अर्ध्या गुंठ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात. ह्या मापाने बेळगाव तालुक्यात एकतरी मॅन्शन निघेल काय, ह्याचा शोध वाचकांनीच घ्यावा.

मेकॉलेच्या आराखड्यावरून आपली भारतीय दंडसंहिता १८६० मध्ये संमत झाली, तीत मॅन्शन हा शब्द वापरलेला नाही. गृह-अतिक्रमणाच्या ४४२ व्या कलमात राहण्यासाठी वापरली जाणारी इमारत, तंबू आणि नौका ही तिन्ही एका रांगेत बसविली आहेत. ब्लॅकस्टोनने बाहेर ठेवलेला तंबू येथे आत आला. इतकेच नव्हे, तर उपासनेच्या जागेसही तेच संरक्षण दिले आहे. देवाचे देऊळ व धनगराचा तंबू ह्यांत कलमाने भेद केला नाही. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, पण ही कल्पना नव्या संहितेतही कायम आहे.

शब्दाच्या उतरत्या काळाची कथा आता थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये एका इमारतीत अनेक कुटुंबांनी राहण्याची पद्धत सुरू झाली. अब्रूदार इंग्रजास ही परदेशी चाल कमीपणाची वाटे. तेव्हा बांधणारांनी अशा इमारतींस 'मॅन्शन्स' म्हणावयास आरंभ केला. १८८० च्या सुमारास उभी राहिलेली 'आल्बर्ट हॉल मॅन्शन्स' हे त्याचे नाणावलेले उदाहरण. घर लहान झाले, नाव मोठे झाले. मुंबईने ही रीत उचलली. जपानात तर 'मान्शोन' ह्या शब्दाचा आज अर्थच मुळी सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीतील बिऱ्हाड असा आहे, आणि एकाच खोलीच्या मान्शोनातही तेथील नोकरदार समाधानाने राहतो. हाँगकाँगमध्ये १९६१ साली बांधलेली 'चुंगकिंग मॅन्शन्स' ही सतरा मजली इमारत आहे. तीत अगणित छोटी पथिकगृहे असून आपल्याकडचे व्यापारीही तेथे उतरतात. आणि फार दूर कशाला, चेन्नईच्या ट्रिप्लिकेन भागात 'मॅन्शन' म्हणजे नोकरी-धंद्यासाठी आलेल्या एकट्या पुरुषांनी भाड्याने राहण्याच्या खोल्यांची इमारत. पार्थसारथीच्या प्राचीन देवळाच्या परिसरात, रोमन अधिकाऱ्याचा मान्सिओ दोन हजार वर्षांनी पुन्हा मूळपदावर आला आहे. तेथील तमिळ माणसास ह्या शब्दात भव्यपणाचा मागमूसही जाणवत नाही.

मुंबईचे एक उदाहरण मात्र सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. काळ्या घोड्याजवळ 'एस्प्लनेड मॅन्शन' नावाची इमारत आहे. तिचे मूळ नाव वॉटसनचे हॉटेल. १८६७ ते १८६९ च्या दरम्यान, इंग्लंडात ओतलेले लोखंडी खांब-तुळयांचे सांगाडे जहाजांतून आणून ती उभारली गेली. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखविली गेली ती ह्याच हॉटेलात, आणि त्याच वर्षी मार्क ट्वेन हा अमेरिकन लेखक येथे उतरला होता. पुढे हॉटेल बंद पडले, खोल्यांचे तुकडे पडून त्यांत दुकाने, कचेऱ्या व बिऱ्हाडे आली, आणि इमारतीस मॅन्शन हे नाव मिळाले. समोर न्यायालये असल्यामुळे वकिलांची तेथे दाटी होती. आमच्या उमेदवारीच्या दिवसांत एका ज्येष्ठ वकिलांकडे कागद पोहोचविण्यास आम्ही तेथील जिना चढलो आहो. कठड्यास हात लावण्याची हिंमत झाली नाही. २००५ मध्ये इमारतीचा काही भाग कोसळला, जगातील धोक्यात आलेल्या शंभर वास्तूंच्या यादीत तिचे नाव आले, आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती रिकामी करण्यात आली. जोपर्यंत ती खरोखर पांथस्थांची मान्सिओ होती तोपर्यंत तिला कोणी मॅन्शन म्हटले नाही. ज्या दिवशी म्हटले, त्या दिवसापासून तिची पडझड सुरू झाली.

आता वाड्याकडे वळतो, कारण वृद्ध गृहस्थांचा प्रश्न तुलनेचा होता. 'वाडा' शब्दाचे मूळ संस्कृत 'वाट' किंवा 'वाटक', म्हणजे कुंपण घातलेली जागा. मेंढरांचा वाडा असतो, गवळीवाडा असतो; कोकणीत 'वाडो' म्हणजे गावाचा एक भाग, ज्यात श्रीमंताचे घर असो वा कुळाचे खोपटे, सर्व आले. त्याच कुळीची 'वाडी' कोठे बाग आहे, कोठे खेडे आहे, आणि सावंतवाडीत संस्थानची राजधानी होती. पेशव्यांनी १७३० मध्ये शनिवारवाड्याचा पाया घातला आणि १८२८ च्या आगीत आतील इमारती जळाल्या. आज तेथे काय उरले आहे? तट, बुरूज आणि दरवाजे. म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थाप्रमाणे जो खरा 'वाडा', ते कुंपण, तेवढे शिल्लक आहे. आमच्या सीमाभागात कित्तूरचा देसायांचा वाडा आणि निपाणकरांचा वाडा सर्वांच्या परिचयाचे आहेत. वाडा हे नाव भिंतीवरून पडले आणि मॅन्शन हे नाव मुक्कामावरून. मोठेपणा दोन्ही शब्दांच्या पोटात नाही. तो बाहेरून चिकटला. तेव्हा मॅन्शन म्हणजे वाड्याहून मोठे काय, ह्या प्रश्नाचे खरे उत्तर हे की दोन्ही शब्द दोन निराळ्या गोष्टी सांगतात. एक आत कोण आहे ते सांगतो, दुसरा बाहेर काय आहे ते.

मग मॅन्शनचा मराठी प्रतिशब्द कोणता? तो आमच्या समोर रोज असतो. प्रत्येक वाटणीपत्रात, प्रत्येक खरेदीखतात, चतुःसीमेच्या आधी लिहिलेले असते, 'आमचे राहते घर'. लॅटिनच्या 'मानेरे' ह्या धातूस मराठीत 'राहणे' हाच धातू आहे, आणि 'राहते घर' ह्या दोन शब्दांत कोक व ब्लॅकस्टोन ह्यांचे सारे मॅन्शन सामावले आहे. ह्या कसास लावले तर फाटकाला कुलूप असलेले ते संगमरवरी घर मॅन्शन आहे की नाही, हे पाटीवरून ठरणार नाही; मालक परत येण्याच्या इराद्याने गेला आहे काय, हे त्यास विचारावे लागेल.

हा प्रश्न केवळ शब्दकोशाचा असता तर आम्ही एवढी शाई खर्ची घातली नसती. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ४४ व्या कलमाने अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात हिस्सा विकत घेणाऱ्या परक्यास घरात घुसून एकत्र राहण्याचा हक्क नाकारला आहे. १८९३ च्या वाटणी कायद्याच्या चौथ्या कलमाने, असा परका वाटणीचा दावा लावील तर त्याचा हिस्सा न्यायालयाने ठरविलेल्या किमतीस विकत घेण्याची मुभा कुटुंबीयांस दिली. ह्या कलमांखाली न्यायालयांनी वेळोवेळी असे धरले आहे की चुली वेगळ्या झाल्या किंवा काही भाऊ नोकरीसाठी परगावी गेले म्हणून घराचे राहते घरपण जात नाही. मुंबईच्या गिरणीत जन्म घालविणाऱ्या किंवा पुण्यास स्थायिक झालेल्या भावाचा माजघरातील हक्क त्यामुळे वाचला. ब्लॅकस्टोनचा तो परतण्याचा मनोदय आमच्या पट्टीतील मातीच्या घरांच्या असा उपयोगी पडला.

परंतु ज्या व्यक्तीचा परतण्याचा मनोदय आपल्या समाजात सर्वांत प्रसिद्ध, तिच्या बाबतीत कायदा निष्ठुर होता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीस वडिलांच्या मिळकतीत वारसाहक्क दिला, पण त्याच कायद्याच्या २३ व्या कलमाने राहत्या घरास वळसा घातला. कुटुंबीय राहत असलेल्या घराची वाटणी भावांनी मनावर घेईपर्यंत मुलीस मागता येत नसे. तेथे राहण्याचा हक्क होता, पण तो अविवाहित, परित्यक्ता, नवऱ्यापासून विभक्त झालेली किंवा विधवा अशा मुलीसच. जिचा संसार सुखाने चालला आहे तिला माहेरी एक रात्र राहण्याचाही हक्क कायद्याने नव्हता. 'माहेर' म्हणजे आईचे घर. कोकणीत त्यास 'कुळार' म्हणतात. माहेरपण हे चार दिवसांचेच असते, तेथे जाऊन परत निघावयाचे असते. मॅन्शन शब्दाचा जो अगदी पहिला अर्थ, तो माहेराइतका दुसऱ्या कोणत्या घरास लागू पडतो? पण नेमक्या त्याच मुक्कामास कायद्याचा आधार नव्हता. १९९४ मध्ये कर्नाटकाने आणि महाराष्ट्राने आपापल्या दुरुस्त्यांनी मुलींस सहदायादत्व दिले, मात्र ह्या दुरुस्त्या अमलात येण्याच्या तारखांत महिन्याभराहून अधिक अंतर होते. त्यामुळे शिनोळीच्या अलीकडची बहीण आणि पलीकडची बहीण ह्यांचे हक्क निरनिराळ्या दिवशी उगवले! शेवटी ९ सप्टेंबर २००५ पासून २३ वे कलमच रद्द झाले.

देवांच्या बाबतीत आपण बरे वागलो. सोळाव्या शतकात गोव्यात देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आणि शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास गेली. त्या वेळी ते स्थलांतर मुक्कामापुरते समजले गेले असेल. मुक्काम साडेचार शतके चालला आहे. तेथे देवळाभोवती अग्रशाळा आहेत. बेळगावचा, कारवारचा किंवा मुंबईचा कुळावी वर्षांतून एकदा येतो, अग्रशाळेत रात्र काढतो, अभिषेक करून सकाळी निघतो. त्या एका रात्रीच्या वस्तीने त्याचे नाते दरवर्षी ताजे होते, आणि तो गावात राहत नाही म्हणून देवळास परका ठरत नाही.

काही वर्षांपूर्वी उचगावच्याच पट्टीतील एका घराचे वाटणीपत्र आम्ही लिहिले. तीन भाऊ आणि एक बहीण. बहिणीचे वय साठीच्या पुढे. कलम रद्द झालेले होते, तेव्हा चौथा हिस्सा तिचा होताच; पण भाऊ घुटमळत होते, कारण घर चार ठिकाणी तोडले तर राहण्याजोगे कोणाचेच उरणार नव्हते. बाईंनी आमच्या कचेरीत बसून सांगितले की पैशांत जे येईल ते द्या, भिंत घालू नका. माजघरालगतची आईची खोली मात्र मोकळी ठेवा. आमच्याकडील गावांत लक्ष्मीची यात्रा कित्येक वर्षांच्या अंतराने भरते, आणि तेव्हा साऱ्या लेकी घरी येतात. "यात्रेला आले तर लॉजात उतरू काय मी?" एवढेच त्या म्हणाल्या.

आमच्या लेखनिकाने मसुद्यात 'सदर खोलीचा उपभोग' असे शब्द घातले होते. धाकट्या भावास ते रुचले नाहीत. बहीण काही भाडेकरू नव्हे, असे त्याचे म्हणणे. 'वहिवाट' घातली तर थोरल्यास भीती, की उद्या भाचे येऊन बसतील. दोन तास हुज्जत चालली. शेवटी बाईंच्याच तोंडचा शब्द घेऊन आम्ही कलम लिहिले, की माजघरालगतची पूर्वेकडील खोली ही भगिनीच्या हयातीत तिच्या मुक्कामास राखून ठेवली आहे, व तिने वाटेल तेव्हा यावे, राहावे आणि जावे. दुय्यम निबंधकांनी 'मुक्कामास' ह्या शब्दापाशी बोट थांबवून आमच्याकडे पाहिले, काही विचारले नाही, आणि शिक्का मारला.